पाच सेंटीमीटरच्या लहरी आणि चौदा वर्षांची गळती

२०१० च्या मे-जूनमध्ये मेक्सिकोच्या आखातावरून जाणारा जवळपास प्रत्येक उपग्रह एकाच कामाला जुंपलेला होता. २० एप्रिलला ‘डीपवॉटर होरायझन’वर स्फोट झाला, ११ जण गेले, तो अवाढव्य तराफा बुडाला आणि समुद्रतळाची विहीर पुढे ८७ दिवस वाहत राहिली. तेल कुठवर आलं हे रोज सांगावं लागायचं, म्हणून रोज नवी चित्रं. ती चित्रं पाहणाऱ्यांत वेस्ट व्हर्जिनियातली स्कायट्रूथ नावाची एक छोटी ना-नफा संस्था होती, भूशास्त्रज्ञ जॉन एमॉस यांनी सुरू केलेली. त्यांना त्या प्रचंड तवंगापासून सुटी, लुइझियानाच्या किनाऱ्याच्या बाजूला एक बारीक रेघ दिसली. दुसऱ्या चित्रातही ती होती, तिसऱ्यातही. मोठा तवंग वाऱ्याबरोबर पसरत, फाटत, सरकत होता. या रेघेचं शेपूट इकडेतिकडे वळायचं, पण डोकं खिळा ठोकल्यासारखं जागच्या जागी.

त्या खिळ्याच्या जागी नकाशात मिसिसिपी कॅनियन ब्लॉक २० होता, थोडक्यात एमसी-२०. तिथे कधी काळी टेलर एनर्जी या न्यू ऑर्लिन्सच्या कंपनीचा तेलाचा प्लॅटफॉर्म उभा होता. तो पडून सहा वर्षं होत आली होती आणि तेल तेव्हापासून वर येत होतं. कंपनीला ते ठाऊक होतं, तटरक्षक दलाला ठाऊक होतं. किनाऱ्यावरच्या सामान्य माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

रडारची चित्रं वाचणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तेलगळतीच्या बाबतीत काय वाचता येतं आणि काय येत नाही हे कुणाला एका उदाहरणातून समजावायचं असेल तर मी हेच प्रकरण घेते. डीपवॉटर होरायझन घेत नाही. तिथे तेल इतकं होतं की ते ओळखायला फार कौशल्य लागत नव्हतं. एमसी-२० वर पाण्याच्या पृष्ठभागावर जेमतेम पापुद्रा होता, तो कशाचा आणि किती यावर वर्षानुवर्षं वाद झाला, आणि त्या वादात समुद्रावरच्या अगदी चिमुकल्या लहरी साक्षीला उभ्या राहिल्या.

प्लॅटफॉर्म कसा पडला

आयव्हन चक्रीवादळ १६ सप्टेंबर २००४ ला अलाबामाच्या किनाऱ्याला धडकलं. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने आखाताच्या तळाशी ठेवलेल्या उपकरणांनी या वादळात एक लाट २७.७ मीटर उंचीची नोंदवली. नऊ मजली इमारतीएवढी लाट. एवढ्या लाटा डोक्यावरून जातात तेव्हा त्यांचा दाब खाली तळापर्यंत पोचतो, कधी दाबतो, कधी उचलतो. मिसिसिपी नदीच्या मुखासमोरचा तळ म्हणजे नदीने हजारो वर्षं आणून टाकलेला मऊ चिखल. तो घुसळला गेला आणि उतारावरून घसरला. जाताना प्लॅटफॉर्मचा लोखंडी सांगाडा पायासकट घेऊन गेला.

पाण्याची खोली तिथे सुमारे १४० मीटर. किनारा १६-१७ किलोमीटरवर. प्लॅटफॉर्मला २८ विहिरी जोडलेल्या होत्या. त्यांच्या नळ्या वाकल्या, एकमेकींत गुंतल्या आणि शंभरएक फूट गाळाखाली गाडल्या गेल्या. सांगाडा मूळ जागेपासून उतारावरून शेकडो फूट पुढे जाऊन आडवा झाला. गाळात गाडलेल्या विहिरीचं तोंड सापडत नाही, म्हणून ती सरळ वरून बुजवता येत नाही. बाजूने दुसरी विहीर खणत जाऊन जमिनीखाली तिला गाठावी लागते. २००९ ते २०११ या काळात अशा ९ विहिरी बुजवल्या गेल्या. तळाशी तेल अडवायला घुमट बसवून पाहिले. २००८ मध्ये कंपनीने आपली बाकी मालमत्ता विकली आणि पुढच्या कामासाठी सरकारशी करार करून सुमारे ६६.६ कोटी डॉलर एका निधीत ठेवले. नंतर कंपनीची भूमिका अशी ठरली की विहिरी गळत नाहीत, जे वर येतं ते गाळात मुरलेलं जुनं तेल आहे, आणि तेही दिवसाला तीन-चार गॅलनच्या आत.

चार गॅलन म्हणजे पंधरा लिटर. किराणा दुकानात मिळणारा तेलाचा एक डबा.

रडारला काय दिसतं

मेक्सिकोच्या आखातावर ढग असतात, रात्र असते. साधा कॅमेरा तेव्हा आंधळा. म्हणून रडार. उपग्रह सुमारे सातशे किलोमीटरवरून तिरक्या सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतो. पाणी आरशासारखं सपाट असेल तर ते सगळा झोत पलीकडे परतवतं, उपग्रहाकडे काहीच येत नाही आणि चित्रात ती जागा काळी उमटते. पाणी खडबडीत असेल तर थोडा झोत मागे विखुरतो आणि जागा उजळ दिसते.

हा खडबडीतपणा कुठल्या मापाचा, हा इथला कळीचा प्रश्न. मोठ्या लाटा रडारला थेट फारसा प्रतिसाद देत नाहीत. शेजारशेजारच्या दोन लहरींवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींत बरोबर एका तरंगलांबीचा फरक पडला, तरच ते एकमेकांत मिसळून मोठे होतात. बाकी सगळे आपसात कापले जातात. युरोपचा सेंटिनल-१ हा उपग्रह साडेपाच सेंटीमीटर तरंगलांबी वापरतो. झोताचा कोन ३५ अंश धरला तर हिशेब जुळणाऱ्या लहरीची लांबी निघते सुमारे ४.८ सेंटीमीटर. तीन बोटं शेजारी ठेवली की होते तेवढी. सातशे किलोमीटर उंचीवरचं यंत्र समुद्रावरच्या तीन बोटांच्या लहरी चाचपतं, हे मला इतकी वर्षं काम करूनही अजून थक्क करतं.

या लहरी वाऱ्याच्या लेकी. वारा सुटला की सगळ्यात आधी याच उठतात, वारा पडला की सगळ्यात आधी याच विरतात. तेल नेमकं यांनाच मारतं.

घरी करून पाहण्यासारखं आहे. परातीत स्वच्छ पाणी घ्या, वर चिमूटभर हळद भुरभुरवा. बोटाच्या टोकाला शेंगदाण्याच्या तेलाचा थेंब लावून पाण्याच्या मधोमध टेकवा. हळद कडेला पळते. तेलाचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा पसरत जातो आणि हळदीला ढकलत नेतो. उरलेलं तेल मध्येच एका चपट्या मण्यासारखं तरंगत राहतं. हा मणी लक्षात ठेवा, पुढे लागेल. आता स्ट्रॉने, किंवा घरात अजून फुंकणी असेल तर तिने, पाण्यावर तिरकं फुंका. तेल लावण्याआधी पाण्यावर बारीक सुरकुत्या उठत होत्या. आता त्या उठल्या न उठल्या तोच मावळतात.

लहर पुढे जाताना पृष्ठभाग एका जागी ताणला जातो आणि शेजारी आक्रसतो. वर पापुद्रा असला की ताणलेल्या जागी तो विरळ होतो, आक्रसलेल्या जागी दाट. त्यामुळे पृष्ठताण जागोजागी वेगळा होतो आणि जिथे तो जास्त तिकडे पाण्याचा वरचा थर ओढला जातो. ही ओढाताण लहरीची शक्ती खाऊन टाकते. एकोणिसाव्या शतकातले इटालियन भौतिकशास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. काही सेंटीमीटर लांबीच्या लहरींवर त्याचा मार सगळ्यात जास्त. शंभर मीटर लांबीची लाट तवंगाखालून बिनदिक्कत निघून जाते, फक्त तिच्या अंगावरच्या सुरकुत्या गेलेल्या असतात. जाड कच्चं तेल असेल तर त्याचा स्वतःचा चिकटपणाही लहरी मारण्यात भर घालतो.

बेंजामिन फ्रँकलिन यांना हे उपग्रहाच्या दोनशे वर्षं आधी दिसलं होतं. १७५७ मध्ये ९६ जहाजांच्या ताफ्यात प्रवास करताना दोन जहाजांच्या मागचं पाणी इतरांपेक्षा गुळगुळीत का, असं त्यांनी विचारलं. कप्तान म्हणाला, खानसाम्यांनी तेलकट पाणी बाहेर सोडलं असेल. पुढे लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात त्यांनी चमचाभर तेल ओतून पाहिलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं झालं. १७७४ मध्ये तो अनुभव छापून आला. चमचाभर तेल अर्ध्या एकरावर पसरलं म्हणजे पापुद्रा मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाएवढा, जवळपास एका रेणूच्या जाडीचा. एवढ्यानेही लहरी मरतात.

आमच्या कामाची ताकद आणि अडचण, दोन्ही त्या चमच्यात आहेत. इतकं थोडं तेल पुरतं, म्हणून रडार बारीकसारीक गळतीही पकडतं. पण लहरी एकदा मेल्या की त्या एका रेणूच्या पापुद्र्याने मेल्या की मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जाड थराने, हे काळ्या ठिपक्यावरून सहजी कळत नाही.

काळं तेवढं तेल नव्हे

रडारच्या चित्रात काळी जागा दिसली की नवशिक्या माणसाचा हात लगेच ‘तेल’ लिहायला जातो. माझाही जायचा. पण जिथे तीन बोटांच्या लहरी नाहीत ती प्रत्येक जागा काळी असते आणि लहरी नसण्याची कारणं पुष्कळ. वारा सेकंदाला दोन-तीन मीटरच्या खाली गेला की अख्खा समुद्र काळा पडतो, त्यात तवंग शोधणं म्हणजे अंधारात सावली शोधणं. डोंगराच्या आडोशाचं पाणी काळं. शेवाळाच्या फुलोऱ्यातून आणि माशांच्या थव्यांतून सुटलेली नैसर्गिक स्निग्धता काळी. पावसाच्या सरी, नदीच्या गोड्या पाण्याची कड, जहाजामागचा पट्टा, सगळीकडे काळे आकार. उलट वारा दहा-बारा मीटरच्या वर गेला की लाटा फुटतात, तेल पाण्यात घुसळलं जातं आणि असलेला तवंगही चित्रातून पुसला जातो.

आपल्या किनाऱ्याला ही वाऱ्याची अट फार जाचते. त्याच २०१० साली ७ ऑगस्टला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली, सुमारे ८०० टन इंधनतेल समुद्रात गेलं, रायगडच्या किनाऱ्यावरच्या खारफुटीपर्यंत पोचलं. भर पावसाळा. ढगांमुळे साधा कॅमेरा निकामी, आणि पावसाळी वाऱ्यात रडारचीही परीक्षा. जुहूला किंवा गोव्याच्या वाळूत पावसाळ्याच्या तोंडाशी पायाला चिकटणारे डांबराचे गोळे कुठल्या जहाजाचे, कुठल्या विहिरीचे, हे सांगणं इतकं अवघड का, त्याचं एक कारण इथे आहे. तवंग समुद्रात असतो तेव्हाच पुष्कळदा आपल्या डोळ्यांपुढे पडदा असतो.

एमसी-२० ची जागा तर फसवणुकीसाठी मुद्दाम निवडावी अशी. मिसिसिपीचं गढूळ गोडं पाणी तिथेच समुद्राला मिळतं, त्याच्या कडांवर काळ्या नागमोडी रेघा रोज बनतात. शिवाय आखाताच्या तळातून नैसर्गिकरीत्याही तेल झिरपतं, शेकडो ठिकाणी, माणसाचा काही संबंध नसताना. मग ही रेघ त्या तुटक्या विहिरींचीच कशावरून?

मी विद्यार्थ्यांपुढे सेंटिनल-१ चं त्या भागाचं एक चित्र ठेवते, २०१९ च्या आधीच्या वर्षांतलं. डावीकडे वर पक्ष्याच्या पंजासारखा पसरलेला मिसिसिपीचा मुखप्रदेश. समुद्र करडा, दाणेदार. त्यावर विखुरलेले शुभ्र ठिपके म्हणजे उभे असलेले प्लॅटफॉर्म आणि जहाजं, लोखंड रडारला झगझगीत दिसतं. आता अशी जागा शोधा जिथे शुभ्र ठिपका नाही, तरी काळी रेघ सुरू होते. तिथे समुद्रावर काहीही उभं नाही. रेघ सुईच्या टोकाएवढ्या जागेतून निघते, हळूहळू रुंद होते, किलोमीटर-दोन किलोमीटरवर वाकते, मग तिच्या एका कडेला पिसांसारख्या झिरमिळ्या सुटतात आणि ती विरते. नदीच्या पाण्याची कड अशी टोकातून जन्मत नाही, ती दोन्हीकडे लांब पसरलेली असते. वारा पडल्याने झालेला डाग मऊ कडांचा असतो. टोकदार डोकं आणि पसरत जाणारं शेपूट म्हणजे खालून एका ठिकाणाहून काहीतरी सतत वर येतंय.

तरीही एका चित्रावर मी सही करणार नाही. दहा चित्रं एकावर एक ठेवली की मगच गोष्ट उभी राहते. शेपटं दहा दिशांना: कधी वाऱ्याबरोबर नैर्ऋत्येला, कधी प्रवाहाबरोबर पूर्वेला. डोकी मात्र सगळी एका छोट्या वर्तुळात. तंतोतंत एका बिंदूवर नसतात, कारण १४० मीटर पाण्यातून वर येताना तेलाचे थेंब प्रवाहाने आडवे वाहतात, आणि ते आडवं वाहणं रोज वेगळं. वर्तुळाच्या मध्यावर समुद्राखाली आडवा पडलेला सांगाडा. नैसर्गिक झरा योगायोगाने नेमका तिथेच निघाला असं म्हणायला फार मोठं मन लागतं.

किती तेल?

इथवर रडार खंबीर आहे. कुठून, कधीपासून, सतत की अधूनमधून, याची उत्तरं त्याने दिली. पुढचा प्रश्न लहरींच्या आवाक्याबाहेर जाऊ लागतो, आणि सगळा वाद त्याच प्रश्नावर झाला.

रोजची पद्धत अशी होती: विमानातून निरीक्षक जातो, तवंगाची लांबी-रुंदी अंदाजतो, रंग पाहतो, रंगावरून जाडी ठरवतो आणि गुणाकार करतो. रंगाला अर्थ आहे. युरोपीय देशांनी बॉन करारात ठरवलेल्या कोष्टकाप्रमाणे रुपेरी झाक म्हणजे चौरस किलोमीटरला ४० ते ३०० लिटर. इंद्रधनुषी रंग म्हणजे ३०० ते ५,००० लिटर. धातूसारखी चमक त्याच्याही वर. पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यात हे रंग आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण सूर्य कुठे आहे, ढग किती, निरीक्षक कुठल्या कोनातून पाहतो यावर रुपेरीचं इंद्रधनुषी होतं आणि इंद्रधनुषीचं रुपेरी.

साधा हिशेब करू. समजा रडारला १० किलोमीटर लांब आणि सरासरी अर्धा किलोमीटर रुंद तवंग दिसला, म्हणजे ५ चौरस किलोमीटर. कोष्टकातली सगळ्यात पातळ झाक धरली तरी तेल २०० लिटर. इंद्रधनुषी रंगाची वरची मर्यादा धरली तर २५,००० लिटर. एकच काळा आकार आणि उत्तरात सव्वाशे पटींचा फरक. शिवाय परातीतला तो मणी आठवा. समुद्रातही तेल सारखं पसरत नाही. बराचसा भाग पापुद्रा असतो आणि तेलाचा मोठा वाटा डोक्याजवळच्या थोड्या जाड पट्ट्यांत साठलेला असतो. सरासरी जाडी म्हणून एकच आकडा धरला की हा मणी हिशेबातून निसटतो.

म्हणून उपग्रहावरून काढलेल्या आकड्यांवर शंका घेणं रास्तच होतं. कंपनीने ती घेतली तर त्यात मला गैर वाटत नाही. पण हाच हिशेब उलटा लावून पाहिला की कंपनीचा आकडाही उघडा पडतो. १५ लिटर तेल सगळ्यात पातळ झाकेने पसरलं तर ते अर्ध्या चौरस किलोमीटरलाही पुरत नाही. इतका पातळ पापुद्रा सूर्य, वारा आणि लाटांपुढे फार काळ टिकत नाही, म्हणजे आज जे दिसतं ते बहुतेक आजचंच आलेलं. मग रोज काही किलोमीटर लांब तवंग दिसत असताना रोजचं तेल एक डबाभर कसं? खालची मर्यादा रडार पक्की सांगतं. वरची मर्यादा सांगताना ते चाचपडतं. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हा आहे, आणि दोन्ही बाजूंच्या वाचकांनी तो नीट धरला असता तर काही वर्षं वाचली असती.

स्कायट्रूथने २०१२ मध्ये जमलेल्या नोंदींवरून मांडलं की २००४ ते २०११ या काळात मिळून ३ लाख ते १४ लाख गॅलन तेल आलं असावं. रेंज मोठी आहे आणि ती मोठी ठेवण्यातच प्रामाणिकपणा होता. पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या. २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने कागदपत्रं खणून काढली आणि प्रकरण देशभर पोचलं. त्यानंतर तटरक्षक दलाने आपला अंदाज कंपनीच्या कितीतरी पट वर नेला. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकी न्याय खात्यासाठी ऑस्कर गार्सिया-पिनेडा यांनी उपग्रह, विमान आणि प्रत्यक्ष समुद्रावरून घेतलेली मापं एकत्र करून दिवसाला २४९ ते ६९७ पिंपं असा अंदाज दिला. लिटरमध्ये सांगायचं तर साधारण ४० हजार ते १ लाख १० हजार. डब्यांच्या हिशेबाने अडीच हजारांच्या वर.

हा अंदाज बराच वर गेला होता असं पुढच्या मोजमापावरून दिसतं. पृष्ठभागावरून गणित करताना जाडीची थोडीशी चूक आणि तवंग किती तास टिकतो याची थोडीशी चूक एकमेकींना गुणतात.

पाण्याखालून

त्याच सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या समुद्र व हवामान संस्थेचे, म्हणजे नोआचे, शास्त्रज्ञ आणि फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीचे समुद्रशास्त्रज्ञ इयन मॅकडोनाल्ड असं पथक जहाज घेऊन तिथे गेलं. त्यांनी वरचा तवंग बाजूला ठेवला आणि वर येणारा झोत गाठला. एका पद्धतीत ध्वनिलहरी सोडून बुडबुड्यांचा आणि थेंबांचा स्तंभ मोजला. दुसऱ्या पद्धतीत दूरनियंत्रित पाणबुडी यंत्रावर कॅमेऱ्याचं उपकरण लावून, त्याच्यासमोरून जाणारे थेंब आणि बुडबुडे मोजले. सांगाड्याजवळ गाळ खचून खड्डा झाला होता, त्यातून तेल आणि वायू एकत्र वर येत होते.

जून २०१९ मध्ये अहवाल आला: दिवसाला ९ ते १०८ पिंपं. म्हणजे सुमारे १,४०० ते १७,००० लिटर. वरच्या हिशेबात ५ चौरस किलोमीटरच्या कल्पित तवंगाला आपण २०० ते २५,००० लिटर म्हटलं होतं, हा आकडा त्या चौकटीत आरामात बसतो. अहवालातली दुसरी गोष्ट मला आकड्याहून मोलाची वाटते. तेल आणि वायूची रासायनिक घडण तपासली तेव्हा ते गाळात मुरून जुनं झालेलं तेल नव्हतं. खोलवरच्या साठ्यातून ताजं येत होतं. म्हणजे विहिरी जिवंत होत्या.

अहवाल छापून येईपर्यंत तटरक्षक दल थांबलं नव्हतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी कंपनीला तेल अडवण्याचा आदेश दिला, पुढच्या महिन्यात काम स्वतःच्या हाती घेतलं आणि कुव्हियॉन ग्रुप या लुइझियानातल्या कंत्राटदाराकरवी एप्रिल २०१९ मध्ये सांगाड्याजवळ एक मोठं झाकण बसवून घेतलं. चुलीवर धुराडं धरावं तसं हे यंत्र वर येणारं तेल गोळा करतं, तेल आणि वायू वेगळे करतं आणि तेल साठवतं. सुरुवातीलाच दिवसाला सुमारे ३० पिंपं तेल हाती लागू लागलं. जवळजवळ ४,८०० लिटर. तीनशेहून जास्त डबे, रोज.

ज्यांनी पंधरा वर्षं लांबी, रुंदी, रंग आणि लहरींवरून अंदाज बांधले, त्यांच्यापुढे अखेर मोजून घेता येईल असं तेल टाकीत आलं. डिसेंबर २०२१ मध्ये समझोता झाला. कंपनीने निधीतले उरलेले सुमारे ४३.२ कोटी डॉलर विहिरी बुजवण्यासाठी सरकारला द्यायचे, शिवाय ४ कोटी ३० लाखांहून जास्त डॉलर दंड, सफाईखर्च आणि निसर्गाच्या नुकसानीपोटी. तोवर त्या झाकणाने ८ लाख गॅलनहून जास्त तेल गोळा केलं होतं, सुमारे ३० लाख लिटर.

विद्यार्थ्यांना दाखवण्याच्या संचात मी झाकण बसवल्यानंतरचीही चित्रं ठेवली आहेत. तोच नदीचा पंजा, तेच शुभ्र ठिपके. पूर्वी जिथून रेघ निघायची तिथे आता झूम करून शोधावं लागतं. बहुतेक चित्रांत करड्या पाण्याचे दाणे एकसारखे दिसतात, म्हणजे तीन बोटांच्या लहरी तिथे परत उठू लागल्या आहेत. खाली, गाळाखाली, न बुजवलेल्या विहिरी तशाच आहेत, आणि साठलेलं तेल उपसायला ठरावीक काळाने जहाज येऊन त्या जागी उभं राहतं. त्या दिवसाचं चित्र मिळालं तर रेघेच्या जुन्या डोक्यावर एक झगझगीत पांढरा ठिपका असतो.